बर्फ पाण्यावर का तरंगतो, हे विचारणारे अल-बिरूनी

इफ्तारच्या दस्तरखानावर रूहअफजाची बाटली उघडली की घरातली लहान मुलं जवळ सरकतात. ग्लासातल्या पाण्यात लाल धार सोडली की ती सरळ तळाशी जाऊन बसते. वरून टाकलेला बर्फ मात्र वरच राहतो. एक बुडतं, एक तरंगतं. हे आपण रोज बघतो आणि चमच्याने ढवळून पिऊन टाकतो. एखादं मूल विचारतं, की अब्बू, बर्फ तर पाण्याचाच आहे, मग तो बुडत का नाही? बहुतेक घरांत उत्तर मिळतं की तो हलका असतो. का हलका असतो, हे कोणी सांगत नाही.

हाच प्रश्न साधारण हजार वर्षांपूर्वी विशीतल्या एका तरुणाने दुसऱ्या, त्याच्याहून लहान तरुणाला पत्रातून विचारला होता. विचारणारे होते अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल-बिरूनी. ज्यांना विचारला ते होते इब्न सीना, ज्यांना जग पुढे वैद्यकशास्त्राचे बादशहा म्हणून ओळखू लागले. मुस्लिम शास्त्रज्ञांच्या यादीत बिरूनींचं नाव आपल्याकडे भाषणांत हमखास येतं, मदरशांच्या आणि उर्दू शाळांच्या भिंतींवर तक्त्यातही दिसतं. पण त्यांनी नेमकं केलं काय, हे विचारलं तर गाडी अडते. म्हणून या वेळी त्यांची हकीकत जरा पाण्याच्या बाजूने सांगतो.

बिरूनींचा जन्म ३ झिलहिज ३६२ हिजरीचा, म्हणजे ४ सप्टेंबर ९७३. गाव काथ, ख्वारिझमची जुनी राजधानी. आजच्या उझबेकिस्तानात आमू नदीच्या काठी हा भाग येतो आणि तिथल्या शहराला आता त्यांचंच नाव आहे. आमू नदीला अरब लोक जैहून म्हणत. घरची भाषा ख्वारिझमी. अरबी आणि फारसी या दोन्ही भाषा त्यांना शिकाव्या लागल्या आणि दोन्हीत आपण पाहुणेच आहोत, असं ते स्वतः मानत. घरात एक भाषा, दीनसाठी दुसरी, शाळेत तिसरी, हा अनुभव मराठी मुस्लिम घरांना नवा नाही. बिरूनींनी लेखनासाठी मुख्यतः अरबी निवडली आणि आयुष्यभर तिच्यातच लिहिलं.

नशीब असं की त्यांना गुरू फार मोठे मिळाले. अबू नस्र मन्सूर हे ख्वारिझमच्या राजघराण्यातले गणिती. त्यांनी या मुलाला भूमिती आणि खगोल शिकवलं. सतरा वर्षांचे असताना बिरूनींनी सूर्याची उंची मोजून काथ शहराचे अक्षांश काढले होते. पण ९९५ मध्ये शेजारच्या गुरगंजच्या अमीराने काथवर चाल केली, जुनं राजघराणं संपलं आणि बावीस वर्षांच्या बिरूनींना गाव सोडून पळावं लागलं. पुढची काही वर्षं हलाखीची गेली. रय शहरात, म्हणजे आजच्या तेहरानजवळ, एका श्रीमंत ज्योतिष्याने केवळ त्यांच्या गरिबीमुळे त्यांचं म्हणणं उडवून लावलं होतं. पुढे दिवस पालटले तेव्हा तोच माणूस गोड बोलू लागला, असंही बिरूनींनी नोंदवून ठेवलं आहे.

९९७ च्या मे महिन्यात ते पुन्हा काथमध्ये होते. त्या रात्री चंद्रग्रहण होतं. बगदादमधले थोर गणिती अबुल वफा यांच्याशी त्यांनी आधीच ठरवलं होतं, की दोघांनी आपापल्या शहरात एकाच ग्रहणाची वेळ टिपायची. दोन वेळांतल्या फरकावरून दोन शहरांच्या रेखांशांतला फरक निघाला. तार नाही, फोन नाही, मध्ये महिन्यांचा प्रवास, तरी दोन माणसं एकाच रात्री आकाशाकडे बघत होती.

त्याच सुमाराची ती इब्न सीनांबरोबरची पत्रं. एकूण अठरा प्रश्न होते, त्यातले बरेच अरस्तूच्या मतांवर. अरस्तूला त्या काळी सगळे पहिला उस्ताद मानत, पण बिरूनींना ते पुरेसं वाटत नव्हतं. त्यांचा मुद्दा असा, की थंड आणि घट्ट वस्तू जड असते, ती खाली जाते, असं तत्त्वज्ञ सांगतात. मग पाणी थंड होऊन घट्ट झालं की ते वर का येतं? दुसरा प्रश्न बाटलीचा होता. पाण्याने भरलेली बंद बाटली गोठली की फुटते, ती का? इब्न सीनांनी बर्फाबद्दल उत्तर दिलं की गोठताना आत हवेचे अंश अडकतात आणि तेच त्याला वर धरून ठेवतात. बिरूनींचं समाधान सहज होत नसे. त्यांनी काही उत्तरांवर इतक्या कडक शब्दांत आक्षेप घेतले, की पुढची उत्तरं इब्न सीनांच्या एका शागिर्दाने लिहिली.

आज आपल्याला ठाऊक आहे की हवा अडकली नसली तरीही बर्फ तरंगतो. पाणी गोठताना त्याचे कण एका जाळीत बसतात आणि जास्त जागा व्यापतात. पाणी गोठलं की आकारमान साधारण ९ टक्के वाढतं, वजन तेवढंच राहतं. म्हणजे बिरूनींचे दोन्ही प्रश्न मुळात एकच होते. ज्या कारणाने बाटली फुटते त्याच कारणाने बर्फ तरंगतो. हे मुलांना घरात दाखवणं सोपं आहे. प्लास्टिकचा डबा पाण्याने गच्च भरून, झाकण न लावता, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी बर्फ कडेच्या वर फुगलेला दिसेल. काचेचं भांडं मात्र घेऊ नका, ते खरंच तडकतं. दुसरं, ग्लासात बर्फाचे खडे टाका आणि पाणी अगदी काठापर्यंत भरा. बर्फ वितळल्यावर पाणी सांडेल का, यावर मुलांना आधी पैज लावू द्या. बक्षीस म्हणून एखादं खजूर ठेवा. पाणी सांडत नाही. तरंगणाऱ्या वस्तूने स्वतःच्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारलेलं असतं, आणि बर्फ वितळून बरोबर तेवढीच जागा भरतो.

हजार सालाच्या आसपास बिरूनी गुरगानच्या दरबारात होते. तिथे निरनिराळ्या कौमांच्या सण-वारांवर आणि कालगणनांवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. त्यातच त्यांनी झऱ्यांचं आणि उफाळून येणाऱ्या विहिरींचं कारणही सांगितलं आहे. पाणी ज्या उंचीवरून येतं त्या पातळीपर्यंत चढायचा प्रयत्न करतं, असा त्याचा सारांश. इमारतीच्या गच्चीवर टाकी का बसवतात, हे यावरून मुलांना समजावता येईल.

मग ते ख्वारिझमला परतले. आता राजधानी गुरगंज होती आणि अमीर अबुल अब्बास त्यांना मान देत होता. अंदाजे १००४ ते १०१७ अशी ही वर्षं. याच शहरात त्यांनी ते काम केलं, ज्यासाठी त्यांचं नाव पदार्थविज्ञानाच्या इतिहासात राहिलं. त्यांनी धातू आणि रत्नं पाण्याच्या मदतीने तोलली.

प्रश्न बाजारातला होता. सोन्यात चांदी किंवा तांबं मिसळलंय का, माणकाच्या नावाखाली रंगीत काच विकली जातेय का, हे वस्तू न फोडता, न वितळवता ओळखायचं कसं? नुसतं वजन करून भागत नाही, कारण नकली दागिनाही तितक्याच वजनाचा बनवता येतो. त्याने जागा किती घेतली, हे मोजावं लागतं. सारख्या वजनाचं सोनं कमी जागा घेतं, चांदी जास्त घेते, काच त्याहून कितीतरी जास्त. युनानी आर्किमिडीजच्या राजमुकुटाची गोष्ट अरबीतल्या विद्वानांना माहीत होती. गोष्ट माहीत असणं सोपं, आकडा काढणं अवघड. आकार वेडावाकडा असेल तर जागा मोजायची कशी?

त्यासाठी बिरूनींनी एक भांडं घडवलं, शंकूच्या आकाराचं. खाली रुंद, वर मान अरुंद. मानेच्या बाजूला एक बारीक नळी, तोंड खाली वळलेली. भांडं नळीच्या पातळीपर्यंत भरायचं, म्हणजे आणखी एक थेंब पडला की नळीतून बाहेर. मग आधी तोललेली वस्तू आत सोडायची आणि नळीतून बाहेर पडलेलं पाणी तराजूत तोलायचं. मान अरुंद का? कारण पसरट भांड्यात थोडंसं पाणी वाढलं तरी पातळी केसभरच हलते आणि चूक लपून राहते. अरुंद मानेत तेवढंच पाणी स्पष्ट वर चढतं. नळीत पाण्याचे थेंब चिकटून राहायचे, तर त्यांनी नळीच्या रचनेत फेरफार केले. एक भांडं नीट जमेना म्हणून दुसरं, दुसरं जमेना म्हणून तिसरं. पोस्टरवर ही मेहनत दिसत नाही, तिथे फक्त दाढी आणि पगडी दिसते.

धातूंसाठी त्यांनी सोनं हे माप धरलं आणि रत्नांसाठी निळं याकूत, म्हणजे नीलम. शंभर मिस्काल सोन्याने पाणी किती सारलं? सव्वापाच मिस्काल. शंभराला सव्वापाचने भागा, १९.०५ येतात. आजच्या प्रयोगशाळेतला सोन्याचा आकडा १९.३ आहे. त्यांच्या मापांवरून लोखंडाचा आकडा ७.८ च्या आसपास निघतो आणि शिशाचा ११.४ च्या. आजचे आकडे ७.८७ आणि ११.३४. हजार वर्षांपूर्वीच्या तराजूने!

आणखी एक गोष्ट मला या आकड्यांपेक्षाही मोठी वाटते. पाणी सगळीकडे सारखं नसतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. थंड पाणी आणि गरम पाणी, गोडं पाणी आणि खारं पाणी, यांच्या वजनात फरक पडतो. म्हणून मोजमापाबरोबर पाणी कुठलं आणि ऋतू कोणता हेही सांगणं आलं. नंतरच्या नोंदीत त्यांची मापं गुरगंजच्या नदीच्या पाण्याने, शरद ऋतूच्या सुरुवातीला घेतल्याचं आलेलं आहे. मोजणारा प्रामाणिक असला की त्याचा आकडा असा पत्त्यासकट येतो.

हेच भांडं घरी बनवता येतं. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीला मानेखाली एक भोक पाडा, त्यात सरबताची नळी खाली वळवून बसवा, भोवती मेणाने किंवा मळलेल्या कणकेने बुजवा. भोक मोठ्या माणसानेच पाडावं. नळीतून ठिबकायचं थांबेपर्यंत वाट पाहा. मग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर १०० ग्रॅम लोखंडी नट-बोल्ट तोलून, दोऱ्याला बांधून हळूच आत सोडा. वाटीत १३ ग्रॅमच्या आसपास पाणी जमेल. १०० ग्रॅम काचेच्या गोट्या सोडल्या तर ४० ग्रॅमच्या आसपास. वजन तेच, जागा तिप्पट. एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे झाले तर मुलांना रागावू नका, उलट विचारा की फरक कुठून आला असेल. कोणी सांगेल नळीत थेंब राहिला, कोणी सांगेल बोल्टाला हवेचा बुडबुडा चिकटला होता. बिरूनींनाही याच गोष्टींनी छळलं होतं.

खाऱ्या पाण्याचा फरक बघायला एक ताजं अंडं पुरे. साध्या पाण्यात ते तळाशी जातं. आता ग्लासभर पाण्यात मिठाचे चमचे एकेक करून ढवळत जा. पाच-सहा चहाचे चमचे मीठ विरघळलं की अंडं वर येतं. अंडं ताजंच हवं, शिळं साध्या पाण्यातही वर येतं, हे आपल्या दादी-नानींना पक्कं ठाऊक असतं. गंमत म्हणजे समुद्राच्या पाण्यात ताजं अंडं तरंगत नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात मीठ साधारण ३५ ग्रॅम, अंड्याला लागतं त्याच्या तिप्पट. बहर-ए-लूतमध्ये, ज्याला मृत समुद्र म्हणतात, तिथे माणूसच पाठीवर पडून तरंगतो.

कोकणातल्या ज्या घरांत कोणी ना कोणी जहाजावर आहे, त्यांना हे शिकवायची गरजच नाही. समुद्रातून जहाज खाडीच्या किंवा नदीच्या गोड्या पाण्यात शिरलं की थोडं जास्त बुडतं. म्हणून जहाजाच्या अंगावर भरणीच्या रेघा रंगवलेल्या असतात, खाऱ्या पाण्याची वेगळी आणि गोड्या पाण्याची वेगळी. सुट्टीवर आलेल्या मामूंना त्या रेघांबद्दल विचारा.

१०१७ मध्ये बिरूनींचं शांत आयुष्य मोडलं. गुरगंजच्या अमीराला त्याच्याच फौजेने मारलं आणि ते निमित्त करून महमूद गझनवीने ख्वारिझम जिंकलं. महमूदला आपल्या दरबारात विद्वान हवे होते. इब्न सीना त्याच्या हाती न लागता आधीच पश्चिमेकडे निघून गेले होते. बिरूनी मात्र सापडले. त्यांना आणि त्यांचे वृद्ध गुरू अबू नस्र यांना गझनीला नेण्यात आलं. ते कैदी होते की दरबारी, यावर इतिहासकार अजून बोलतात. आपल्या मर्जीने गेले नव्हते, एवढं खरं. पुढच्या वर्षी, १०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ते काबूलजवळच्या एका खेड्यात होते. मन खचलेलं, जवळ एकही उपकरण नाही. तेव्हा त्यांनी हिशेबाच्या पाटीच्या मागच्या बाजूला वर्तुळाचा भाग आखला, त्यालाच उपकरण केलं आणि सूर्याची उंची मोजली.

महमूदच्या स्वाऱ्यांमुळे ते हिंदुस्थानच्या वायव्य भागात आले. तिथे त्यांनी जे केलं ते सुलतानाच्या कामापेक्षा फारच वेगळं होतं. चाळिशी उलटल्यावर ते संस्कृत शिकले, पंडितांजवळ बसले, पतंजलींच्या योगावरचा ग्रंथ अरबीत नेला. १०३० च्या सुमारास त्यांचा हिंदुस्थानावरचा प्रसिद्ध ग्रंथ, किताब-उल-हिंद, पुरा झाला. महमूदच्या स्वाऱ्यांनी या मुलखाची भरभराट उद्ध्वस्त केली आणि इथल्या विद्या दूर निघून गेल्या, हे त्यांनी त्यात साफ लिहिलं आहे. ज्याच्या राज्यात राहायचं त्याच्याबद्दल असं लिहायला छाती लागते. आज महमूदचं नाव घेऊन जे दोन्हीकडून भांडतात, त्यांनी बिरूनींची ती पानं वाचली तर बरं होईल.

आपल्यासाठी यात एक छोटी खास गोष्ट आहे. ते स्वतः इकडे आले नाहीत, पण ऐकीव माहितीवरून रस्त्यांची अंतरं देताना त्यांनी मरहट्ट देशाचा आणि त्यापुढच्या कोकणाचा उल्लेख केला आहे. कोकणची राजधानी म्हणून त्यांनी समुद्राकाठच्या ठाण्याचं नाव दिलं आहे.

नदीकडेही त्यांनी अशाच नजरेने पाहिलं. डोंगरांजवळ नदीच्या प्रवाहात मोठे गोल धोंडे, पुढे लहान गोटे, मुखाजवळ नुसती वाळू. यावरून उत्तरेचं मैदान एकेकाळी समुद्र होता आणि नद्यांच्या गाळाने भरत आला, असं त्यांनी मांडलं. माती, वाळू आणि खडे बरणीतल्या पाण्यात ढवळून ठेवा, मोठे खडे आधी आणि बारीक गाळ शेवटी बसताना मुलांना दिसेल.

दीन आणि इल्म यांत त्यांना भांडण दिसत नव्हतं. गझनीहून किबल्याची दिशा बिनचूक काढण्यासाठी त्यांनी शहरांच्या जागा ठरवण्यावर एक पूर्ण ग्रंथ लिहिला, नमाजच्या वेळा आणि सावल्या यांवर दुसरा. एका माणसाने नमाजची वेळ सांगणारं उपकरण केवळ त्यावर रूमी महिन्यांची नावं होती म्हणून नाकारलं. रूमी लोक तर जेवतात आणि चालतातही, मग तेही सोडणार का, असा बिरूनींचा त्यावर टोमणा होता. महमूदचा मुलगा मसऊद याला त्यांनी खगोलाचा मोठा ग्रंथ अर्पण केला. मसऊदने हत्तीभर चांदी पाठवली आणि बिरूनींनी ती परत केली, अशी हकीकत सांगतात.

उतारवयात, मसऊदचा मुलगा मौदूद गादीवर असताना, ते पुन्हा रत्नांकडे वळले आणि जवाहिरांवर ग्रंथ लिहिला. त्यातला एक किस्सा मुलांना हमखास आवडतो. पाचू समोर धरला की सापाचे डोळे फुटतात, असं तेव्हाच्या पुस्तकांत सर्रास लिहिलेलं असे. बिरूनींनी एका सापाच्या गळ्यात पाचूची माळ घातली, टोपलीत पाचू पसरले, त्याच्यापुढे पाचू हलवले. उन्हाळा-हिवाळा मिळून नऊ महिने हे चाललं. सापाचे डोळे शाबूत राहिले.

स्वतःच्या पुस्तकांची यादी त्यांनी साठी ओलांडल्यावर केली तेव्हा आकडा ११३ होता. अखेरच्या आजारपणाचा प्रसंग याकूत यांनी लिहून ठेवला आहे. एक फकीह मित्र भेटायला आला. श्वास लागलेल्या बिरूनींनी त्याला वारसाहक्कातल्या आजीच्या वाट्याच्या एका किचकट मसल्याबद्दल विचारलं. मित्राला वाटलं, ही काय वेळ आहे. पण हे समजून न घेता जाण्यापेक्षा समजून घेऊन जाणं बरं, असं त्यांचं म्हणणं पडलं. मित्राने मसला सांगितला, त्यांनी तो पुन्हा म्हणून दाखवला. मित्र रस्त्यापर्यंत पोचतो तोच घरातून रडण्याचा आवाज आला. हे गझनीत, १०५० च्या आसपास घडलं.

त्यांच्या पाण्याच्या मोजमापांचं पुढे काय झालं? सत्तर-एक वर्षांनी, ११२१ च्या सुमारास, मर्व शहरात अल-खाझिनी यांनी मिझान-उल-हिकमा नावाचा ग्रंथ लिहिला. खाझिनी रूमी वंशाचे, गुलामीतून मुक्त झालेले विद्वान. त्यांनी बिरूनींचं शंकूच्या आकाराचं भांडं, सोन्याचे सव्वापाच मिस्काल, रत्नांचे आकडे हे सगळं नावानिशी उतरवून घेतलं आणि पाच पारड्यांचा एक तराजू बांधला, ज्यातली एक पारडी पाण्यात बुडलेली असे. तो तराजू सुलतान संजरच्या खजिन्यासाठी होता. दागिना वितळवायची वेळ न येता त्यात सोनं किती आणि चांदी किती, हे त्यावर सांगता येत असे.